दुखतंय कुठे, ते आधी : रेकॉर्ड-प्लेअरच्या नोंदवहीतून

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

घरात ठरलं आहे : दिवाळीपर्यंत गाण्याच्या यंत्रावर वीस हजार रुपये खर्च करायचे, पण एकाच वस्तूवर. थोडं इथे, थोडं तिथे असं नाही. ती वस्तू कोणती यावर मात्र एकमत नाही. ह्यांना नवे स्पीकर हवेत. माझा भाऊ उज्जैनहून फोनवर सांगतो, फोनो प्रीअ‍ॅम्प बदल (म्हणजे सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारा डबा), बाकी सगळं राहू दे. मला सुईचा संशय आहे. सासूबाईंनी तिघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दुखतंय कुठे, ते सांगाल का आधी?"

लग्नाआधी त्या दहा वर्षं गाणं शिकल्या आहेत. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचा कान आमच्या सगळ्यांपेक्षा तयार आहे. म्हणून ही वही. आधी दुखणं लिहायचं, मग औषध.

सध्याची मांडणी : पट्ट्यावर चालणारं जुनं जपानी टर्नटेबल. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विजेचा संकेत करणारा तुकडा), तीन वर्षांपूर्वी बसवलेलं. फोनो इनपुट असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर. दोन लहान स्पीकर, शोकेसच्या कप्प्यात दाटीवाटीने बसवलेले.

दुखणी तीन. पहिलं, सासूबाईंचं : "तंबोरा स्थिर नाही आणि सा चढा लागतोय." दुसरं, गाणं सुरू व्हायच्या आधीच खाली एक घुमणारा आवाज येतो. तिसरं आणि सगळ्यांत त्रासदायक : बाजू संपत आली की आवाज फाटतो. आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी आमच्याकडे आहे. मारव्याचं विलंबित अगदी स्वच्छ वाजतं. द्रुतात ताना सुरू झाल्या की प्रत्येक तानेच्या टोकाला खरखर. तबल्याची चाट तर कागद फाडल्यासारखी वाजते.

याचं एक कारण तबकडीच्या बनावटीतच आहे. ती मिनिटाला ३३ १/३ फेरे कायम घेते, पण बाहेरची खाच मोठ्या वर्तुळाची आणि आतली लहान. बाहेर, केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत ६० मिलिमीटरवर फक्त २१. तेवढाच आवाज अडीचपट कमी जागेत कोरलेला असतो. आणि ख्याल तर उलट्या दिशेने वाढत जातो : आलाप ऐसपैस जागेत, आणि सगळ्यांत जलद, जोरकस ताना सगळ्यांत अरुंद जागेत. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याच्या यंत्राची खरी परीक्षा शेवटच्या दीड इंचात होते. एवढं असूनही, जितकं फाटतंय तितकं फाटायला नको.

शनिवार, १० ऑगस्ट

आधी सासूबाईंचं दुखणं, कारण ते मोजता येतं.

कागदावर गोल तबकडी काढून कडेला १८० रेघा छापून घेतल्या. ५० हर्ट्झच्या विजेवर चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. वेग बरोबर ३३ १/३ असेल तर दर उजेडाला प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी पोचलेली असते, त्यामुळे रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. दिवाणखान्यातल्या एलईडीखाली काहीच दिसेना, तो उजेड मिचकावतच नाही. जिन्यातली जुनी चोकवाली ट्यूब अजून चालू आहे, म्हणून टर्नटेबल उचलून जिन्यात नेलं. वरच्या मजल्यावरच्या काकू पायऱ्यांवर बसून बघत होत्या.

रेघा पुढे सरकत होत्या. मिनिटभरात ६६ मोजल्या. मिनिटाला ६००० उजेड, त्यात ६६ रेघांची आघाडी, म्हणजे १.१ टक्का जास्त वेग. स्वरात सांगायचं तर १९ सेंट (एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). प्रमाणश्रुती, म्हणजे स्वरांमधलं एक ठरलेलं बारीक अंतर, सुमारे २२ सेंटची. सासूबाईंना जो सा चढा लागत होता तो जवळजवळ एका श्रुतीने चढाच होता. विजेची वारंवारता आपल्याकडे ४९.९ ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवतात, म्हणजे मापातली चूक फार तर ०.२ टक्का. सासूबाईंचा कान त्याहून मोठा फरक सांगत होता आणि तो खरा ठरला.

तंबोरा हलण्याचंही घड्याळ लावून पाहिलं. एका जुन्या तबकडीवर झोका बरोबर १.८ सेकंदांनी येतो. तो एका फेऱ्याचाच वेळ, म्हणजे त्या तबकडीचं भोक मध्याला नाही. त्याला यंत्र काय करणार! बाकी तबकड्यांवर झोका अनियमित आहे. तिथे पट्ट्यावर संशय.

एक गोष्ट आज पक्की समजली. यंत्राचा वेग तपासायला तंबोऱ्याइतकं चांगलं वाद्य नाही. सतारीत मींड असते, गाण्यात आंदोलन असतं, तिथे यंत्राचा झोका लपून जातो. तंबोऱ्याला लपायला जागाच नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

पट्ट्यासाठी महाराणी रोड पालथा घातला. तिसऱ्या दुकानदाराने जुना पट्टा बोटांत ताणून पाहिला. "मैडम, टेप का मिल जाएगा, इसका तो बाहर से मँगवाना पड़ेगा. ये तो पूरा ढीला हो गया." दोऱ्याने आतला घेर मोजून मागवला. ३५० रुपये. हा खर्च वीस हजारांत धरायचा नाही, ही देखभाल.

शनिवार, १७ ऑगस्ट

नवा पट्टा चढवला. फिरकी आणि तबकडीखालचा कठडा स्पिरिटने पुसून घेतले, नाहीतर नवा पट्टाही घसरतो. मोटरच्या खालच्या भोकातून वेग जुळवायचा स्क्रू आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा रेघा बघायच्या. तासभर जिन्यात बसले होते. शेवटी मिनिटाला ४ रेघा. पुरे.

वर आणून लावलं. सासूबाईंनी आपला इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्यात मिसळून पाहिला आणि काही न बोलता डोळे मिटले.

वीस हजारांपैकी शून्य खर्च, आणि तीनपैकी एक दुखणं गेलं. आज टर्नटेबल बदलण्याचा विचार यादीतून काढला.

सोमवार, १९ ऑगस्ट. राखी

भाऊ ओवाळून घ्यायला आला तो पिशवीत स्वतःचा फोनो प्रीअ‍ॅम्प घेऊन. जेवण होईपर्यंतही त्याला धीर नव्हता.

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचा आवाज उचललेला असतो, नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसतील. १९५४ पासून त्याचं आरआयएए नावाचं एक ठरलेलं माप आहे. फोनो प्रीअ‍ॅम्पने तेच माप उलटं लावायचं : २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल उचलायचं आणि २० हजारांना जवळपास तेवढंच दाबायचं. इतका नाजूक संकेत, इतकी मोठी उलटापालट. इथे स्वस्त काम केलं की सगळ्या गाण्याचा रंग बदलतो.

त्याचा डबा लावला. घुमणं एकदम बंद! भाऊ खूश. मी वायर परत पूर्वीसारखी लावून बघायला लागले, तर घुमणं तरीही नाही. मग लक्षात आलं. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला नुसती टेकलेली होती, आणि वायर बदलताना मी ती नीट आवळली होती. मुद्दाम सैल केली, घुमणं परत. आवळली, बंद. दुसरं दुखणं त्या स्क्रूत होतं.

नंतर भावाचा डबा आणि आमच्या यंत्रातलीच फोनोची सोय आलटूनपालटून तास-दीड तास ऐकले. भावाच्या डब्यात गाण्यामागची शांतता जास्त खोल आहे, हे मान्य. सारंगीच्या गजाची सुरुवात जास्त नेमकी कळते. पण मारव्याच्या शेवटी आवाज जिथे फाटत होता, तिथेच फाटतो. त्याच ताना, तीच टोकं. भावालाही ते ऐकू आलं. तो म्हणाला, "ताई, हे माझ्या डब्याच्या आधीचं आहे."

रविवार, २५ ऑगस्ट

आज ह्यांच्या मताची परीक्षा. देवासचे मामा आपले स्पीकर गाडीच्या मागच्या सीटवर रजईत गुंडाळून घेऊन आले. आमच्यापेक्षा दुप्पट मोठे. कुमारजी (कुमार गंधर्व) देवासला राहत असताना मामांनी त्यांचं गाणं समोर बसून ऐकलेलं आहे, त्यामुळे आवाज कसा असावा याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत.

आधी एक सोपी चाचणी केली, ही मी सुरुवातीलाच करायला हवी होती. तोच मारवा फोनवरून त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून, त्याच आमच्या लहान स्पीकरवर लावला. शेवटच्या ताना स्वच्छ! म्हणजे फाटण्याचा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नाही आणि स्पीकरचाही नाही.

मग मामांचे स्पीकर लावले. मारव्याच्या शेवटी फाटणं तेवढंच, फक्त आता जास्त स्पष्ट. तबकडी उलटली आणि दरबारी लावला. इथे मात्र सगळे गप्प झालो. मंद्रातला खाँसाहेबांचा आवाज आमच्या स्पीकरवर आहे असं आजवर फक्त वाटत होतं. मामांच्या स्पीकरवर तो जमिनीतून आल्यासारखा उभा राहिला. कोमल गंधाराचं आंदोलन नुसतं वरखाली होत नाही, त्याला वजन आहे, हे आज कळलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ह्यांचं म्हणणं चूक नाही.

मामा जाताना म्हणाले, "तुमचे स्पीकर आधी त्या शोकेसमधून सोडवा तरी." संध्याकाळी ते भिंतीपासून हातभर पुढे, दोन स्टुलांवर, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे मांडले. खर्ज वाढला नाही, पण तो डब्यातून आल्यासारखा वाजायचा, ते गेलं. आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधे येऊन बसतो. मामांच्या स्पीकरशी तुलना नाही, पण वर्षभर काढता येईल.

रविवार, १ सप्टेंबर

उरले तीन संशयित : सुईचा कोन आणि वजन, सुई स्वतः, आणि तबकडीची झीज.

वजन आधी. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलेले आहेत, मधोमध २. सराफ्यात ओळखीच्या सोनारांकडून खिशातला छोटा काटा आणला. त्याचं पारडं पोलादी, आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, ते पारड्याकडे ओढलं जाऊन खोटं वजन दाखवतं. म्हणून आइसक्रीमची काडी पारड्यावर चिकटवून बाहेर काढली आणि तिच्या टोकावर सुई टेकवली. टोक तबकडीच्याच उंचीला येईल असं बघितलं. आकडा : १.४२.

हे माझंच काम. दोन वर्षांपूर्वी तबकड्या कमी झिजाव्यात म्हणून मी मागचं वजन फिरवून भार कमी केला होता. परिणाम उलटा होतो. हलकी सुई जोरकस जागी खाचेची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आपटते. नुकसान भाराने होतं त्याहून जास्त या आपटण्याने होतं. आता बरोबर २.० ग्रॅम.

मग कोन. कमानीत फिरणारा हात सगळ्या तबकडीवर खाचेशी समांतर राहू शकत नाही, फक्त दोन ठिकाणी राहतो. ती ठिकाणं ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतील असं कार्ट्रिज बसवायचं. त्यासाठीचा छापील नमुना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढला. घरी मोजला तर १०० मिलिमीटरची रेघ ९७ ची. छपाईत पान लहान झालं होतं. परत जाऊन खऱ्या मापाचा काढला. हे तपासलं नसतं तर सगळी मेहनत चुकीच्या जागी गेली असती.

कार्ट्रिज जवळपास दोन मिलिमीटर मागे होतं. पुढे ओढलं, तिरकेपणा काढला, स्क्रू आवळले, पुन्हा वजन.

ऐकलं. फरक मोठा आहे, भावाच्या डब्याने आणि मामांच्या स्पीकरने पडला नव्हता तेवढा. मारव्यात आता फाटणं सुरुवातीच्या तानांत नाही. शेवटची तीन-चार मिनिटं मात्र अजून खरखर आहे.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. आज फक्त आरती.

रविवार, १५ सप्टेंबर

तबकडी झिजलेली आहे का? आमची मारव्याची प्रत जुनी, सासऱ्यांनी ती जड सुईच्या प्लेअरवर किती वाजवली असेल कोण जाणे. म्हणून गेल्या वर्षी घेतलेली बासरीची नवीन तबकडी लावली, जेमतेम चारदा वाजलेली. शेवटच्या गतीत बासरीची फुंक फाटते, मारव्याहून कमी, पण फाटते. ही तबकडी झिजलेली असूच शकत नाही.

उरली सुई. आणि हिशेब करायला बसले तर मला माझंच आश्चर्य वाटलं की तो आधी का केला नाही. रोज संध्याकाळी एक एलपी, चाळीस मिनिटं, तीन वर्षं : ७३० तास. निम्मे दिवस सोडले तरी ३६५. आमच्यासारख्या लंबवर्तुळाकार टोकाच्या सुईचं आयुष्य कंपनीच ३०० तास सांगते.

आता तीच सुई नवी घ्यायची की वरच्या दर्जाची? व्हीएम९५ मालिकेत अंग एकच आहे, सुई ओढून काढायची आणि दुसरी ढकलून बसवायची, कोन पुन्हा लावावा लागत नाही. आतल्या खाचेत १० हजार हर्ट्झची एक लाट फक्त २१ मायक्रॉन लांब असते, तिचं एकेक वळण त्याच्या निम्म्याचं. लंबवर्तुळाकार सुईची धार सुमारे साडेसात मायक्रॉन त्रिज्येची. जेमतेम मावते. वरच्या दर्जाच्या, मायक्रोलिनिअर नावाच्या बारीक धारेच्या सुईची ३ मायक्रॉन, म्हणजे ती त्या वळणात खरोखर शिरते. शिवाय तिचं आयुष्य १००० तास.

निर्णय : मायक्रोलिनिअर. आमचं ऐकणं ख्यालाचं आहे, आणि ख्यालाचा कळस याच अरुंद जागेत आहे.

ऑर्डर करायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पक्ष लागतोय. पंधरा दिवस नवी वस्तू घरात आणायची नाही." हे म्हणाले, सुई म्हणजे नवी वस्तू नाही, दुरुस्ती आहे. त्यांनी मान हलवली नाही. थांबायचं ठरलं. घटस्थापनेला बसवू.

मंगळवार, १७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला सगळे गेलो, पहाटे परतलो. ऐकणं नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

थांबण्याचा फायदा झाला. जुनी सुई काढून शाळेत नेली. मी भौतिकशास्त्र शिकवते, पण चांगला सूक्ष्मदर्शक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या बाईंनी बाजूने टॉर्च धरला, मी भिंग फिरवत होते. हिऱ्याचं टोक गोलसर दिसायला हवं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक सपाट, चकाकणारा पैलू होता, घासून तयार झालेला. नववीतल्या दोन मुली डोकावल्या, त्यांनाही दाखवलं.

आता संशय नाही, पुरावा आहे. आणि ही सुई यापुढे एकाही तबकडीवर टेकवायची नाही. असे पैलू खाचेला तासतात. पक्ष संपेपर्यंत फोनवर ऐकू.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. घटस्थापना

सकाळी घट बसवला. संध्याकाळी सुई. पंधरा हजारांच्या आत आली, उरलेले ह्यांच्या स्पीकरच्या नावाने वेगळे ठेवले. बसवायला अर्धं मिनिट लागलं. वजन पुन्हा तपासलं : २.०१.

रविवार, ६ ऑक्टोबर

तीन दिवस मारवा लावला नव्हता. नवीन सुई आधी इतर तबकड्यांवर फिरू दिली, प्रत्येक तबकडी आधी धुऊन. ही सुई बारीक धूळही वाचते, त्यामुळे न धुतलेली तबकडी पूर्वीपेक्षा जास्त चटचटते. धुणं डिस्टिल्ड पाण्याने, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून. सासऱ्यांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. आणि त्या तबकड्या या सुईवर लावायच्याही नाहीत, त्यांची खाच कितीतरी रुंद आहे. टर्नटेबलच्या झाकणाच्या आतून तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

आज मारवा. आमची प्रत मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकच आवाज, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबलं, त्याने खाचेच्या वरखाली हालचालीतला गोंगाट गळून पडतो. विलंबितात फरक फारसा नाही. द्रुत लागलं. हे स्टुलाच्या काठावर, मी झाकणाशी उभी. पहिल्या ताना गेल्या. मग त्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत, जिथे आजवर खरखरीमुळे तानेचा फक्त आकार कळायचा, तिथे आतले स्वर सुटे झाले. कोमल रिषभावरून तीव्र मध्यमाकडे जाताना मधला गंधार ऐकू आला. दोन ठिकाणी अजून ओरखडा आहे, तो तबकडीतच आहे आणि राहील. पण बारीक सुई भिंतीच्या अशा भागाला लागते जिथे जुनी गोल सुई पोचलीच नव्हती, तिथली खाच अजून कोरी आहे. सासऱ्यांनी इतकी वर्षं वाजवूनही काहीतरी आमच्यासाठी उरलं होतं.

बाजू संपली. सासूबाई म्हणाल्या, "मधला गंधार आत्ता लागला बघ." मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मग दरबारी लावला. मंद्रात मामांच्या स्पीकरची आठवण झाली, ह्यांनाही.

सुईचे तास : ८ एलपी, ५ तास २० मिनिटं.